सगळे घोडे एकाच गोत्राचे

कुही तालुक्यात शर्यतीच्या घोड्यांची संख्या शून्य आहे. शर्यतीच्या घोड्यांवर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची संख्या मात्र कुठल्याच जनगणनेत आलेली नाही, म्हणून ती सांगत नाही. तालुक्यात घोडा दिसतो तो वरातीत, आणि त्या घोडीची सारी किंमत हळू चालण्यात असते. डीजेपुढे नाचणाऱ्यांना मागे टाकून ती पुढे निघाली, तर मालकाला दुसऱ्या लग्नाची सुपारी मिळायची नाही. घोड्यांच्या रीतसर शर्यती पाहायच्या तर हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी गाठावं लागतं, पावसाळ्यात पुणं. दोन्ही ठिकाणं कुहीपासून इतकी लांब की तिथला घोडा इथे फक्त चर्चेपुरता येतो. चर्चेला ते सोयीचंच पडतं.

वेगाबद्दल कुहीची स्वतःची मतं आहेत. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी 2019च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तोवर ती कुहीतूनच जायची. त्या गाडीने नागपूर गाठलेला माणूस वेगाबद्दल जपून बोलतो.

पानठेल्याच्या बाकावर या विषयाचे तीन जाणकार बसतात. काकाजींची जोडी एकेकाळी पटात पळायची. पट म्हणजे शंकरपट. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर हलका छकडा, दोन बैल, त्यांना हाकणारा एक धुरकरी, समोर सरळ धावपट्टी आणि सेकंदाच्या तुकड्यांत लागणारा निकाल. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि त्या निमित्ताने घरोघर उतरलेले पाहुणे. त्या गर्दीत एखाद्या पोरीचं लग्नही जुळून जायचं. दुसरे जाणकार गुरुजी. ते निवृत्त आहेत आणि पेन्शन सोडून त्यांना कशाचीच खात्री वाटत नाही. तिसरा काकाजींचा पुतण्या. तो पुण्याला कंपनीत आहे, तिथल्या रेसकोर्सवर त्याचे काही रविवार गेले आहेत आणि दिवाळीला गावी आला की तो बाकीच्यांना थरोब्रेड म्हणजे काय ते शिकवतो. पानठेलेवाला चर्चेत पडत नाही. तो सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो, आणि वाद पेटला की जोरात घोटतो.

"थरोब्रेड म्हणजे छापील वंशावळ असलेला घोडा," पुतण्या सांगत होता. "इंग्लंडात वेदरबी नावाच्या माणसानं 1791 मध्ये बाड काढलं. त्यात ज्याचे आईबाप नाहीत, तो थरोब्रेड नाही."

"अन् त्याच्या आधी?" काकाजी.

"त्याच्या आधी तीन मूळपुरुष. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन अन् गोडॉल्फिन अरेबियन. डार्ली तं 1704 मध्ये सीरियातल्या अलेप्पोवरून आणला होता."

"म्हणजे विलायतेचा शुद्ध घोडा बाहेरगावचाच हाय."

गोडॉल्फिनबद्दल तर अशी आख्यायिका आहे की इंग्लंडात येण्यापूर्वी तो पॅरिसात पाण्याची गाडी ओढत होता. ही गोष्ट ऐकल्यावर काकाजींचा त्या घोड्याबद्दलचा आदर एकदम वाढला. गाडी ओढणाऱ्या जनावराला ते पहिल्यापासून मान देतात.

पण खरा स्फोट पुढेच झाला. आज जगात जेवढे नर थरोब्रेड आहेत, त्यांतल्या सुमारे 95 टक्क्यांची बापाकडची रेघ मागे नेली तर ती एकट्या डार्ली अरेबियनपाशी जाऊन थांबते. डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी हे तपासून सांगितलं आहे. या रेघेवर मधेच इक्लिप्स नावाचा घोडा उभा आहे. 1 एप्रिल 1764च्या सूर्यग्रहणाच्या सुमारास जन्मला म्हणून त्याचं हे नाव. तो 18 शर्यती धावला आणि एकही हरला नाही.

काकाजींनी तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "आपल्याकडं एका गोत्रात सोयरीक केली तं चार गावं बोलते. अन् हे अख्खी जातच एका गोत्राची?"

"एका गोत्राची असून वरून जवळच्या नात्यात लग्नं," पुतण्याने आगीत तेल ओतलं. चौदापैकी चौदा शर्यती जिंकलेला फ्रँकेल घ्या. त्याच्या बापाचा आजा आणि त्याच्या आईचा पणजा एकच, नॉर्दर्न डान्सर. आपल्याकडे अशी गोष्ट कळली तर लग्नघरचा मांडव उतरवतात. तिकडे ती विक्रीच्या कॅटलॉगमध्ये आकड्यांत छापतात, आणि तो आकडा पाहून गिऱ्हाईक बोली वाढवतो.

"रक्त जवळ आणलं की गुण पक्के होतात," गुरुजी म्हणाले, "आणि दोषही तेवढेच पक्के होतात." मग त्यांनी गावातल्या एका घराण्याकडे पाहिलं. ते घराणं त्या वेळी समोरच्या कृषी केंद्रात युरियाच्या रांगेत उभं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही घेत नाही.

2010 मध्ये डब्लिनच्याच दुसऱ्या एका विद्यापीठात आणखी पुढची पायरी गाठली गेली. स्नायूंची वाढ आवरून धरणारं मायोस्टॅटिन नावाचं एक जनुक असतं. घोड्यात त्याची सी आणि टी अशी दोन रूपं सापडली. दोन्हीकडून सी आलेला घोडा थोड्या अंतरात सुसाट सुटतो, दोन्हीकडून टी आलेला लांब पल्ल्याला दम धरतो, एकेक आलेला मधल्या अंतराचा. रक्ताचे थेंब पाठवले की शिंगराचं भवितव्य लिफाफ्यात घरपोच.

"अन् तो पयतच नसन तं?" काकाजींनी विचारलं.

आनुवंशिकीवरच्या सगळ्या ग्रंथांना पुरून उरेल असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका घोड्याने देऊन ठेवलं आहे. त्याचं नाव द ग्रीन मंकी. वंशावळीत नॉर्दर्न डान्सरही होता आणि सेक्रेटेरिएटही. 2006 मध्ये अमेरिकेत दोन वर्षांचा असताना त्याचा लिलाव झाला आणि तो 1 कोटी 60 लाख डॉलरला गेला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सत्तर कोटी रुपयांच्या वर. पुढे तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही, आणि त्याची आयुष्यभराची कमाई 10,440 डॉलर झाली. कुहीत असा बैल निघाला असता तर मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी धानाच्या चिखलणीला जुंपलं असतं आणि पैसे काही अंशी वसूल केले असते. सत्तर कोटींच्या घोड्याची तीही सोय नाही.

गुरुजींचा विश्वास जनुकांपेक्षा भोवऱ्यांवर. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणकार गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासतं, देवमण हा शुभ भोवरा आहे का पाहतं, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी दिसला की खिशाला हात लावतं. "यात चूक एवढीच," गुरुजी म्हणाले, "की भोवरा शर्यतीआधी सांगतो, आणि आपल्याला खरा अर्थ शर्यतीनंतर कळतो." माझ्या मते हे मायोस्टॅटिनलाही लागू आहे, पण पुतण्या दुखावला असता.

त्यानंतर विषय लग्नाच्या मुख्य विधीकडे वळला आणि पानठेलेवाल्याने शाळेतून सुटलेल्या पोरांना चॉकलेट देऊन लांब पाठवलं. थरोब्रेडच्या जगात कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष भेटलेच पाहिजेत, नाहीतर शिंगराचं नाव वंशावळीत चढत नाही. त्यासाठी घोडे विमानाने खंड ओलांडतात. फ्रँकेलची एका भेटीची फी 3 लाख 50 हजार पौंडांपर्यंत गेली, म्हणजे साधारण चार कोटी रुपये. आणि घोडी खरंच तयार आहे का, हे पाहायला फ्रँकेलसारख्या बड्या घोड्याला पाठवत नाहीत, न जाणो तिने लाथ घातली तर. त्यासाठी टीझर नावाचा वेगळा घोडा असतो. तो जातो, घोडीची मर्जी बघतो, तिची मर्जी जुळली की त्याला लगामाला धरून परत आणतात. त्याचं काम तेवढंच.

"अशे पोट्टे आपल्या गावातही हायेत," काकाजी म्हणाले.

याच्या उलट कुहीची गाय. तिच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून माणूस मोटारसायकलवर येतो, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली कांडी काढतो, नाममात्र शुल्क घेतो आणि चहा पिऊन जातो. म्हणजे तंत्रज्ञानात कुहीची गावरान गाय डर्बी जिंकलेल्या घोडीच्या पुष्कळ पुढे आहे. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिलं आहे, कारण ते खरं आहे.

घोडीला मात्र आणखी एक जाच आहे. उत्तर गोलार्धातले सगळे थरोब्रेड 1 जानेवारीला एका वर्षाने मोठे होतात, मग ते जन्मले असोत कधीही. 31 डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं आणि वर्षभर मोठ्या भावंडांबरोबर धावतं. म्हणून शिंगरू जानेवारीनंतर लगेच व्हावं अशी मालकाची धडपड असते, आणि घोडीला वसंत लवकर आला असं वाटावं म्हणून हिवाळ्यात तबेल्यात रात्री दिवे लावून ठेवतात. आमच्याकडे शेतीच्या फिडरवर वीज कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा घोडी माजावर यायची का नाही ते महावितरणच ठरवेल.

वाढदिवसाच्या नियमाला मात्र गुरुजींनी मनापासून दाद दिली. पहिलीत नाव घालताना बापाला तारीख आठवत नसली की ते 1 जुलै लिहीत. कुही तालुक्याची एक अख्खी पिढी 1 जुलैला जन्मली आणि एकाच दिवशी निवृत्त झाली.

आता नियम. घोड्याच्या नावात अक्षरं आणि मोकळ्या जागा धरून 18 पेक्षा जास्त चिन्हं चालत नाहीत. शर्यतीनंतर घोड्याचं मूत्र तपासतात, आणि त्याने ते द्यावं म्हणून हातात भांडं धरून माणूस शीळ घालत उभा राहतो. या नोकरीची जाहिरात कधी निघते, असं दोघा तरुणांनी विचारून घेतलं. उत्तेजकांच्या यादीत कॅफीन आहे. म्हणजे सकाळचा चहा घेऊन आलेली आमची पूर्ण बैठक पहिल्याच तपासणीत बाद.

पण खरा गाभा हँडिकॅपमध्ये आहे, आणि तो समजावून द्यायला पुतण्याला पूर्ण दुपार लागली. घोडा जिंकत गेला की त्याचा दर्जा वाढतो, आणि दर्जा वाढला की पाठीवरचं वजनही वाढतं. वरच्या घोड्यावर साठेक किलो, खालच्यावर पन्नासेक. जॉकी हलका पडला तर खोगिराखालच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यतीआधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर चढतो, शर्यतीनंतर तसाच पुन्हा चढतो, आणि वजन जुळलं नाही तर जिंकलेली शर्यत हातची जाते. वयानुसार वजनाचं कोष्टक एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राउस या आरमारी माणसाने बसवून दिलं. हँडिकॅप करणाऱ्याचं आदर्श स्वप्न असं, की सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर यावेत.

"म्हणजे जिंकला म्हणून शिक्षा?" काकाजी उभेच राहिले.

"यात नवीन काय आहे?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "मी चांगलं शिकवायचो, म्हणून जनगणना माझ्याकडे, मतदार यादी माझ्याकडे, पोषण आहाराचे तांदूळ माझ्याकडे. शेजारच्या वर्गावरचे मास्तर झोपायचे, ते हलके राहिले. शेवटी दोघंही एकाच दिवशी रिटायर झालो."

ॲडमिरल राउसला हे ऐकायला मिळायला हवं होतं. कारण घोड्यांच्या शर्यतीचं अर्थशास्त्र याहून थोडक्यात सांगता येत नाही. तीनशे वर्षं लोकांनी वंशावळी छापल्या, रक्त तपासलं, चार-चार कोटी मोजले, ते एक घोडा दुसऱ्यापेक्षा वेगवान व्हावा म्हणून. आणि तो खरोखर वेगवान निघाला की त्याच खात्यातली माणसं त्याच्या पाठीवर शिसं लादतात, तो बाकीच्यांबरोबर यावा म्हणून. रक्ताने पुढे ढकललं, नियमाने मागे ओढलं. मधे जी अनिश्चितता उरली तिच्यावर लोक पैसे लावतात, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते पानठेल्यावर बसतात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, जुगार नव्हे. पानठेल्यावरच्या खेळाबद्दल न्यायालयाने मत दिलेलं नाही.

पटातही गट असतात. ज्या जोडीचा वेळ कमी ती वरच्या गटात, जड जोड्या खाली. आणि वरच्या गटात मार खाण्यापेक्षा खालच्या गटात पहिलं यावं म्हणून एखादा धुरकरी आपली जोडी जरा आवरून धरतो, असं काकाजींचं निरीक्षण आहे. रेसकोर्सवर याला गुन्हा मानतात. घोडा मुद्दाम रोखला असा संशय आला की जॉकीची चौकशी लागते. काकाजी म्हणाले की पटात चौकशी लागत नाही, पण आवरणाऱ्याचं नाव पाच तालुक्यांत होतं. पुढे पुतण्याने पुण्याकडच्या शर्यतीच्या घाटांत बैलगाड्याच्या पुढे घोडी पळवतात अशी माहिती पुरवली. "म्हणजे पुण्याच्या बैलाले रस्ताही दाखवा लागते," असा निकाल देऊन काकाजींनी तो विषय मिटवला.

न्यायालयाचं नाव निघालं की मात्र त्यांचा आवाज चढतो. 2011 मध्ये केंद्राने बैलाला त्या यादीत घातलं, ज्यातल्या प्राण्यांना खेळ म्हणून लोकांपुढे आणता येत नाही. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह आधीपासून होते. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असंही एक कारण त्यात होतं. "सिंहाच्या यादीत माझा बैल," काकाजी सांगतात, आणि त्यात दुःख किती नि अभिमान किती हे मला अजून ओळखता आलेलं नाही. महालक्ष्मीवर घोडे धावतच होते. तिथे चाबूकही चालतो, मोजून का होईना. इकडे तळेगाव दशासरसारखे नावाजलेले पटही थंड पडले. मग 2017 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. बैलाला धावता येतं का, यावर एका सरकारी समितीने अहवाल दिला. हा अहवाल बैलाने वाचला असता तर तो तिथूनच पळाला असता आणि पुरावाही आपोआप झाला असता. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ती कायम केली.

परवानगी मिळाली ती नियमांसकट. आता आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, बैल तंदुरुस्त असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, धाव 1000 मीटरच्या आत, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका सगळं बंद. बैलाला इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. यातलं एकही कलम मला चुकीचं वाटत नाही. शेपटी पिरगाळल्याशिवाय जी जोडी पळत नाही, ती पळण्याची जोडीच नव्हे, आणि हे काकाजीही मान्य करतात, फक्त बाकावर नाही, घरी.

आता वंशाकडे परत यायला हवं, कारण पटाच्या बैलाची सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. बहुतेक वेळा तो खच्ची केलेला असतो. इंग्लंडच्या एप्सम डर्बीत खच्ची घोड्याला प्रवेशच नाही, कारण ती शर्यत पुढच्या पिढीचा बाप निवडण्यासाठी आहे. आमच्याकडे उलटं. गोऱ्हा अंगात भरला की आधी त्याला खच्ची करतात, मग जुंपतात, मग तो पळतो, जिंकतो, आणि तेव्हा सगळ्यांना आठवतं की याचं वासरू हवं होतं. पटातला विजेता त्याच्या रेघेवरचा शेवटचा मानकरी असतो. नागपूर-वर्ध्याकडची गवळाऊ ही जात मराठ्यांच्या काळी वेगाने वाहतूक करण्यासाठी वाढवली गेली. वेगाचं रक्त आपल्याकडे कमी नव्हतं, ते लिहून ठेवणारा वेदरबी नव्हता.

पुतण्या या ठिकाणी अडला. विजेता बाप होतच नाही म्हटल्यावर वंशावळ कशी मांडायची? त्यावर सेक्रेटेरिएटचंच उदाहरण आहे. 1973 मध्ये बेलमाँटची शर्यत त्याने 31 घोड्यांच्या लांबीने जिंकली. तो विक्रम आजही उभा आहे. पण त्याच्या मुलांनी बापाचं नाव फारसं राखलं नाही. राखलं ते मुलींच्या मुलांनी. स्टॉर्म कॅट, ए.पी. इंडी, गॉन वेस्ट हे तिन्ही नावाजलेले वळू घोडे त्याच्या लेकींच्या पोटचे. विलायती जाणकार घोड्याच्या आईकडच्या घराण्याला क्रमांक देऊन बसले आहेत ते उगीच नाही.

"आपल्या जोडीतल्या डाव्या बैलाची माय कोणती होती?" मी काकाजींना विचारलं.

काकाजींनी जोडीचा उत्तम वेळ सांगितला, पटाचं गाव सांगितलं, बक्षिसात मिळालेल्या सायकलचा रंग सांगितला. माय आठवली नाही. घरातून काकूंनी सांगितलं: मांढळच्या बाजारातून आणलेली, एक शिंग वाकडं असलेली पांढरी गाय. दूध कमी द्यायची, दावं तोडून पळायची, म्हणून काकाजींनीच विकून टाकली.

पिकं निघाली की पट पुन्हा भरतील. लाऊडस्पीकरवरून मालकाचं नाव येईल, गावाचं येईल, धुरकऱ्याचं येईल, बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याचं तर तीनदा येईल. आयोजकांना माझी एकच विनंती आहे. जोडीची नोंद करता त्या वहीत एक रकाना वाढवा: गोऱ्ह्याची आई कोणती, कुठल्या गावची, कोणाच्या गोठ्यातली. जिंकलेल्या बैलाकडून पुढे काही मिळायचं नाही, पण ती गाय अजून जिवंत असेल तर तिला आणखी वासरू होऊ शकतं. त्या रकान्यासाठी प्रवेश फी दहा रुपयांनी वाढवायची असेल तर खुशाल वाढवा. काकाजी देणार नाहीत, त्यांचे मी भरीन.